मोठं नाव गेलं, आता संघाचं काय?

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही सिएटलजवळ बॉथेलला राहतो. मुलगा बारा वर्षांचा आहे आणि मरिनर्सच्या बेसबॉल संघाचा वेडा आहे. फेब्रुवारी आला की कोण गेला, कोण आला याच्या याद्या सुरू होतात. आवडता खेळाडू दुसरीकडे गेला की 'यंदा संपलंच' म्हणून रुसून बसतो. मी जळगावला शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळले आहे, त्यामुळे खेळ कळतो. पण नुसतं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, बघून संघ किती पाण्यात आहे हे कसं ओळखायचं? — एक आई

उत्तर : ताई, त्याला २००१ सालच्या मरिनर्सची गोष्ट सांगा. संघ त्याचाच आहे, ऐकून घेईल.

रँडी जॉन्सन १९९८च्या जुलैत ह्यूस्टनला गेला. केन ग्रिफी ज्युनिअर २०००च्या फेब्रुवारीत सिनसिनाटीला गेला. उरला ॲलेक्स रॉड्रिगेझ. त्यानेही २०००च्या डिसेंबरात टेक्सास रेंजर्सशी दहा वर्षांचा, २५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. असे तीन खेळाडू एखाद्या शहराला पन्नास वर्षांत एकदा मिळतात, आणि इथे अडीच वर्षांत तिघेही गेले. मी तेव्हा रेडमंडला नोकरीला होतो. ऑफिसात बेसबॉलचा विषय निघाला की लोक सुतकात असल्यासारखे बोलायचे. पुढच्याच हंगामात या संघाने १६२पैकी ११६ सामने जिंकले. एवढे विजय त्याआधी फक्त १९०६च्या शिकागो कब्जना मिळाले होते.

हे डिसेंबरात ओळखता आलं असतं का? ११६चा आकडा कुणालाच सांगता आला नसता. पण संघ बुडणार नाही एवढं मात्र कागदावर दिसत होतं. अट एकच, कागदावर आधी नावं लिहायची नाहीत, जागा लिहायच्या. कॅचर, चार इनफिल्डर, तीन आउटफिल्डर, नुसती बॅटिंग करणारा डेझिग्नेटेड हिटर, सामन्याची सुरुवात करणारे पाच स्टार्टिंग पिचर (चेंडू टाकणारे) आणि मागचं बुलपेन, म्हणजे त्यांच्यानंतर येणारे पिचर. मग प्रत्येक जागेसमोर मागच्या वर्षी कोण होतं आणि यंदा कोण आहे ते लिहायचं.

असं लिहिलं की गेलेल्यांच्या बदल्यात काय आलं तेही दिसतं. जॉन्सनच्या बदल्यात पिचर फ्रेडी गार्सिया, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला इनफिल्डर) कार्लोस गियेन आणि पिचर जॉन हलामा आले. ग्रिफीच्या बदल्यात आलेल्यांत सेंटरफिल्डर माइक कॅमेरून होता. रॉड्रिगेझ करार संपवून गेला, त्यामुळे त्याच्या बदल्यात कुणी खेळाडू आला नाही, पण त्याच्यासाठी ठेवावा लागला असता तो पैसा मोकळा झाला. जनरल मॅनेजर पॅट गिलिक यांनी सेकंड बेसला ब्रेट बून आणला, बुलपेनमध्ये जेफ नेल्सनला परत बोलावलं आणि जपानच्या ओरिक्स ब्लू वेव्हला १ कोटी ३१ लाख डॉलर मोजून इचिरो सुझुकीशी बोलणी करण्याचा हक्क मिळवला. इचिरो तिकडे सलग सात वर्षं पॅसिफिक लीगचा बॅटिंग चॅम्पियन होता. त्याची राइटफिल्डची जागा त्याआधी जे ब्यूनरची होती. ब्यूनर लोकांचा लाडका, पण छत्तिशीत आलेला आणि दुखापतींनी बेजार.

आता हिशोब करा. शॉर्टस्टॉपला मोठं नुकसान झालं. रॉड्रिगेझचे २०००मधले ४१ होम रन कुठून भरून काढणार? पण सेकंड बेस आणि राइटफिल्ड या दोन्ही जागा सुधारल्या. गियेन थर्ड बेसवरून शॉर्टस्टॉपला सरकला आणि त्याच्या जागी डेव्हिड बेल गेला. म्हणजे एक शिखर गेलं, पण खड्डे बुजले. बादलीला भोक असेल तिथपर्यंतच पाणी राहतं. म्हणून मी कुठलाही संघ बघताना आधी सगळ्यात कच्ची जागा शोधतो आणि सगळ्यात मोठ्या नावाकडे शेवटी वळतो. मुलाला हे उलटं वाटेल. वाटू द्या.

आता माझा आवडता भाग. २०००मध्ये मरिनर्सनी ९०७ धावा केल्या आणि ७८० दिल्या. २००१मध्ये ९२७ केल्या आणि ६२७ दिल्या. नीट बघा, रॉड्रिगेझ गेल्यावरही केलेल्या धावा वीसने वाढल्या. पण खरा फरक दिलेल्या धावांत आहे. त्या १५३ने घटल्या, म्हणजे सामन्याला जवळजवळ एक धाव. आपल्याकडे यासाठी पिचरची पाठ थोपटतात. गार्सिया आणि जेमी मॉयर यांनी पिचिंग छान केलंच, नेल्सन, आर्थर रोड्स आणि काझुहिरो सासाकी हे तिघे शेवटच्या डावांत मागे उभे होतेच. पण तुम्ही स्वतः मैदानात उभ्या राहिला आहात. बॅटला लागलेला चेंडू अडवायचा कुणी? सेंटरला कॅमेरून आणि राइटला इचिरो, दोघांनाही त्या वर्षी गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम फिल्डिंगचा किताब, मिळाला. ११ एप्रिलला ओकलंडमध्ये इचिरोने राइटफिल्डवरून थेट थर्ड बेसवर असा चेंडू फेकला की फर्स्टवरून धावत आलेला टेरेन्स लाँग बाद झाला. अशा फेकीची पुढे धास्ती बसते आणि लोक धावतच नाहीत. ती न घेतलेली धाव कुठल्याच रकान्यात लिहिली जात नाही. हंगामाआधीच्या याद्यांत फिल्डिंगला दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत, हा माझा जुना राग आहे.

मुलगा सहावी-सातवीत असेल तर वर्ग करता येत असतील. मग त्याला बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्स याचं सूत्र द्या. केलेल्या धावांचा वर्ग करा, त्याला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. ९२७ आणि ६२७ घेतल्यावर ०.६८६ येतं. १६२ने गुणलं की १११ विजय. खरे मिळाले ११६. वरचे पाच थोडे नशिबाचे आणि थोडे अटीतटीचे सामने खेचून आणणाऱ्या बुलपेनचे समजा. नव्या हंगामासाठी धावांचा अंदाज प्रत्येक जागेवरून बांधायचा आणि हेच सूत्र लावायचं. अंदाज बांधताना एकाच वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका, मागच्या तीन वर्षांची सरासरी धरा आणि तिशी ओलांडलेल्याचे थोडे गुण कापा.

हे करूनही फसायला होतं. ब्रेट बूनचे २०००मध्ये सॅन डिएगोकडून १९ होम रन होते. २००१मध्ये त्याने ३७ मारले आणि १४१ धावा आत आणल्या. कुठल्या सरासरीत हे बसणार? वयाचा नियम म्हणाल, तर तो मॉयरला कुणी सांगितला नसावा. ३८व्या वर्षी त्याने २० सामने जिंकले. आणि तिकडे टेक्सासमध्ये रॉड्रिगेझने ५२ होम रन ठोकले, तरी रेंजर्स ७३ विजयांवर आपल्या गटात तळाला राहिले. त्यांच्या पिचरांनी साडेनऊशेहून जास्त धावा दिल्या होत्या.

एवढं सांगून थांबलात तरी चालेल. त्याने पुढे विचारलंच तर सांगा, की ऑक्टोबरात याच संघाला यांकीजनी चार-एक हरवलं. लांबलचक हंगामात प्रत्येक जागेवर चांगला माणूस असण्याचा जो फायदा होतो, तो सात सामन्यांच्या मालिकेत तेवढा कामाला येत नाही. त्यानंतर थेट २०२२पर्यंत मरिनर्सना प्लेऑफ दिसलं नाही. हे मात्र त्याला एकदम सांगू नका.

प्रश्न : मैदानात नऊ जण खेळतात, मग २६ जणांचं रोस्टर कशाला? वर चाळीस जणांची आणखी एक यादी असते, ती कसली? — एक वाचक, नाशिक

उत्तर : पिचरमुळे. जोर लावून शंभर चेंडू टाकलेला हात दुसऱ्या दिवशी कामाला येत नाही, म्हणून पाच जण आळीपाळीने सुरुवात करतात आणि सात-आठ जण मागून येतात. सध्या २६पैकी जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. (२०१९पर्यंत रोस्टर २५चं होतं.) चाळीस जणांच्या यादीत हे सगळे आणि शिवाय मायनर लीगमधून (खालच्या पातळीच्या स्पर्धांतून) लगेच वर बोलावता येतील असे खेळाडू असतात. संघ तपासताना मी पहिल्या पाच पिचरांवर फार वेळ घालवत नाही, ते सगळ्यांना पाठ असतात. सहावा, सातवा, आठवा कोण ते बघतो, कारण जूनपर्यंत पाचांतले दोघे तरी खांदा नाहीतर कोपर धरून बसलेले असतात. लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२४मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली, तोवर त्यांच्या हंगामात तब्बल ४० जणांनी पिचिंग केलं होतं.

प्रश्न : मार्चमधल्या सराव सामन्यांच्या निकालांवरून अंदाज बांधावा का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. २००१च्या मार्चमध्ये ॲरिझोनातल्या पियोरियाला इचिरो बहुतेक चेंडू डावीकडेच ढकलत होता. याच्या बॅटमध्ये जोर आहे की नाही, अशी काळजी मॅनेजर लू पिनेला यांना लागली होती. हंगामात इचिरोने ०.३५० सरासरीने २४२ हिट मारले आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित व सर्वात मोलाचा खेळाडू हे दोन्ही किताब एकाच वर्षी घेतले. त्याआधी असं फक्त १९७५मध्ये फ्रेड लिनला जमलं होतं. निकाल सोडा, बातम्यांच्या तळाशी असलेल्या बारीक ओळी वाचा. कुठल्या पिचरची पाळी 'खबरदारी म्हणून' पुढे ढकलली, कुणाच्या चेंडूचा वेग मागच्या वर्षीपेक्षा दोन-तीन मैलांनी उतरला, आणि कुठल्या इनफिल्डरला अचानक आउटफिल्डमध्ये उभं करून बघताहेत. हा तिसरा प्रकार दिसला की समजा, त्या जागेचा भरवसा खुद्द मॅनेजरलाच नाही.