दुसऱ्या सिझरला पाठीतलं इंजेक्शन दिल्यावर पुन्हा कापरं भरेल का? टाळता येतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की पहिल्या सिझरला भूल दिल्यावर अंग इतकं थडथडत होतं की बाळाला जवळही घेता आलं नाही, आणि आता दुसऱ्याची तारीख ठरल्यापासून तीच धास्ती आहे. मी भूलतज्ज्ञ आहे, हे ऑपरेशन थिएटरमध्ये नेहमी बघते. बऱ्याच अंशी टाळता येतं, पण तयारी इंजेक्शनच्या आधी व्हायला हवी.

स्पायनलने, म्हणजे पाठीतल्या या इंजेक्शनने, कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पोटा-छातीतली ऊब पायांकडे उतरते. पहिल्या तासाभरात आतलं तापमान अर्धा ते एक अंश उतरू शकतं. पाय बधिर, ते कापू शकत नाहीत. मग खांदे, हात आणि जबडा कापून ऊब तयार करायला बघतात. एक पेशंट मला म्हणाली, "मॅडम, मला थंडी वाजतच नाहीये, मग मी का कापतेय?" तिचे पाय खरंच ऊबदार होते. बोटावरची ऑक्सिजनची क्लिप मात्र इतकी हलत होती की मॉनिटरवर आकडा लागेना, मी तिचा हात धरून बसले. तुमचंही असंच झालं असणार. यात भित्रेपणाचा काही संबंध नाही.

ऊब एकदा पायांत उतरली की वरून चार चादरी टाकून लवकर भरून निघत नाही. म्हणून गरम हवेचं ब्लँकेट इंजेक्शनच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच सुरू केलेलं बरं. सलाईन कोमट करून द्यावं. बाळ बाहेर येईपर्यंत एसी कमी ठेवायला सांगा, ते बाळासाठीही हवंच: प्रसूतीची खोली २५ ते २८ अंश असावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्पायनलच्या औषधात थोडं फेंटानिल हे वेदनाशामक मिसळलं तरी कापरं कमी होतं, कधी अंगाला खाज सुटते एवढंच. तरीही भरलंच तर ट्रॅमाडॉल किंवा पेथिडिन शिरेतून देतात आणि बहुतेकींचं काही मिनिटांत थांबतं. ट्रॅमाडॉलने मळमळू शकतं, मागच्या वेळी उलट्या झाल्या असतील तर तेही सांगा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. वॉर्डात आल्यावर घरचं कुणी मायेने पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवायला निघालं, तर ठेवू देऊ नका. बधिर पायाला चटका कळत नाही, कातडी भाजते. आणि काही तासांनी तापासकट हुडहुडी भरली तर ती भुलीची नव्हे, लगेच सिस्टरना बोलवा.

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा मागचा अनुभव आपणहून सांगा, फाईलमध्ये तो बहुधा लिहिलेला नसतो. बाळाचंही तेव्हाच बोलून ठेवा. हात कापत असले तरी बाळ छातीवर ठेवता येतं, सिस्टरने बाजूला उभं राहून त्याच्या पाठीवर हात धरायचा. त्या कापऱ्याने बाळाला काही होत नाही.