आजीची सोंगटी मारायची की नाही?

प्रश्न : मी ६८ वर्षांची, कर्वेनगरला राहते. मुलगा, सून आणि ११ वर्षांचा नातू कॅलिफोर्नियात, मुलगी-जावई नागपूरला. लॉकडाउनमध्ये आम्ही सगळे मोबाइलवर लुडो खेळायचो, पुढे ते बंद पडलं. आता व्हिडिओ कॉलवर नातू ‘आजी, जेवलीस?’ एवढं विचारतो आणि पळतो. त्याला सतत माइनक्राफ्ट, तो ठोकळ्यांनी घरं बांधायचा खेळ, हवा असतो. गेल्या महिन्यात मी पुन्हा लुडोचा डाव जमवला. पण माझी सोंगटी समोर असूनही मुलगा ती मारत नाही, हे लक्षात आलं आणि माझं मनच उडालं. यजमान म्हणतात, या वयात मोबाइलवर खेळ कसले, एक दिवस पैसे जातील. काय करू?
– एक आजी, पुणे

उत्तर : ताई, आधी सोंगटीचं बोलते. तुमच्या पत्रातली दुखरी जागा तीच आहे. मुलानं प्रेमानंच केलं असणार, पण खेळताना सूट मिळाली की आपण डावात नाही, आपल्याला नुसतं बसवून घेतलंय, असं वाटतं. त्याला फोन करून सरळ सांगा : ‘माझी सोंगटी मारायची. मीही तुझी मारणार आहे.’ लुडोत तर सगळा कारभार फाशाचा. सहा कुणालाही पडतो, तिथे आईला सांभाळून घ्यायचं कारणच नाही.

माझे वडील शनिवार पेठेतल्या वाड्यात बसून मिरजेच्या मित्राशी पत्रानं बुद्धिबळ खेळायचे. १५ पैशांच्या पोस्टकार्डावर वर एक चाल आणि खाली दोन ओळी : पाऊस लागला, धाकटीला गोवर आलाय. एकेक डाव वर्ष-दीड वर्ष चालायचा. मला त्यांनीच शिकवलं, पण कधी एक प्यादंसुद्धा फुकट दिलं नाही. मी पहिल्यांदा त्यांना मात दिली तेव्हा चौदा वर्षांची होते. त्या आठवड्याच्या कार्डावर त्यांनी चालीखाली लिहिलं, ‘आज धाकटीनं मला हरवलं.’ मिरजेहून आलेल्या उत्तरात पहिली ओळ माझ्या अभिनंदनाची होती, चाल त्याच्या खाली. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. वडिलांनी मुद्दाम हार घेतली असती, तर ते जपून ठेवण्यासारखं उरलं नसतं.

आता मी आणि म्युनिकचा माझा भाऊ तसंच खेळतो, लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर. ते २०१० पासून चालू आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत. एका चालीला एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते, आम्ही तीन दिवस ठेवलीत. तो रात्री झोपण्याआधी चाल करतो, मी सकाळी दूध तापत ठेवलं की पट उघडते. बाजूला लिहायला जागा असते, तिथे तो कळवतो, ‘आज इथे गवार मिळाली.’ सगळ्यांना एकाच वेळी मोकळं होणं जमत नसेल, तर असा सावकाश डाव नागपूरच्या लेकीशी जरूर मांडून बघा.

नातवाला मात्र लुडोकडे ओढू नका. तुम्ही त्याच्या खेळात जा. भावाची मुलगी बारा वर्षांची आहे, तिनं मला माइनक्राफ्ट शिकवलं. पहिला महिना कठीण गेला. एका अंगठ्यानं चालायचं आणि दुसऱ्यानं मान वळवायची, हे बोटांत बसायला वेळ लागतो. तिला सांगून ‘क्रिएटिव्ह’ प्रकार लावून घेतला. त्यात मरण नाही आणि ठोकळे हवे तेवढे मिळतात. खेळातला अख्खा दिवस २० मिनिटांचा, त्यामुळे आम्ही एका बैठकीत दोन-तीन दिवस बांधकाम करायचो. मी म्हटलं, आपण आपला वाडा बांधू. चौक झाला, हौद झाला, मग मोठं दार म्हणून लाकडी ठोकळ्यांची उंच भिंत उभारून तिच्यात मी एकच छोटं दार बसवलं. तिनं विचारलं, ‘आत्या, एवढ्या मोठ्या दारात छोटं दार कशाला?’ तो दिंडी दरवाजा. रात्री मोठं दार बंद झालं की तेवढाच उघडायचा, उशिरा येणारा वाकून आत यायचा, आणि तुझे आजोबा दुपारी पोस्टमनची वाट बघत तिथेच उभे असायचे. फोनवर शाळेबद्दल दोन शब्दांपलीकडे न बोलणारी ही मुलगी त्या दिवशी आजोबांबद्दल एकामागून एक विचारत राहिली. तुमच्या नातवालाही आधी त्यानं बांधलेलं घर दाखवायला सांगा. तो शिकवील, तुम्ही शिका.

मुलाला एक गोष्ट आधी विचारून घ्या : माइनक्राफ्टच्या दोन आवृत्त्यांपैकी नातू ‘बेडरॉक’ खेळतो की ‘जावा’? टॅबवर आणि मोबाइलवर बेडरॉक चालतं. तो संगणकावर जावा खेळत असेल, तर तुम्हाला टॅबवरून त्याच्या जगात शिरता येणार नाही. खेळ विकत घ्यावा लागतो. खातं मुलालाच उघडून द्यायला सांगा आणि ओळखीच्यांखेरीज कुणी आत येणार नाही अशी सोयही त्यालाच करायला लावा.

वेळ रविवारी सकाळी आठची धरा. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे असते, म्हणजे त्यांच्याकडे शनिवारचे संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, की आपल्या आठला त्यांचे साडेसहा; मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पूर्ववत. कॅलेंडरवर खूण करून ठेवा, नाहीतर एक रविवार हमखास चुकतो.

लुडोही सोडू नका, सगळे एकत्र जमतात ते त्यातच. खासगी खोली उघडून तिचा कोड फक्त घरच्या ग्रुपवर टाका. बोलण्यासाठी यजमानांच्या फोनवरून वेगळा कॉल लावून स्पीकर सुरू ठेवा, खेळाचा आवाज बंद. नागपूरला लेक-जावई एकाच खोलीत दोन फोन घेऊन बसत असतील, तर त्यांतल्या एकाच फोनचा माइक आणि स्पीकर चालू हवा. दोन्ही फोनचे चालू राहिले की शिट्टी वाजते आणि कुणालाच काही ऐकू येत नाही.

यजमानांची काळजी मला पटते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला, म्हणजे असं आमिष दाखवणारी जाहिरात दिसली तर ती उघडायचीच नाही. लुडोतली नाणी खेळापुरती असतात, पण ती खऱ्या पैशांनी विकत घ्यायचं बटण तिथे असतं. तुमच्या फोनवर खरेदीला पासवर्ड लावा आणि तो यजमानांकडेच राहू द्या. आणि पुढच्या डावात हिरव्या सोंगट्या त्यांना द्या.