पाळी गेलेल्या बाईच्या रिपोर्टातले ७ मिमी

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या राधानगरीकडच्या पेशंटचा रिपोर्ट वाचला. वय ६२, सोनोग्राफी मुतखड्यासाठी केलेली. खडा राहिला बाजूला आणि निघालं काय, तर गर्भाशयाचं अस्तर ७ मिमी आणि डाव्या बीजांडकोशात ४ सेमीची पाण्याची गाठ. मुलगा ऑपरेशनची तारीख मागतोय म्हणतेस. मागणारच. ‘पिशवी काढली की कटकट गेली’ हे आपल्याकडे शेजारणीपासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळे सांगतात. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या सर्रास काढलेल्या पिशव्यांवरून सरकारला समिती नेमावी लागली होती, ते विसरू नकोस.

अस्तराचा ४ मिमीचा आकडा तुला पाठ आहे, पण तो पाळी गेल्यावर ज्यांच्या अंगावरून रक्त गेलं त्यांच्यासाठी आहे. रक्त गेलंय आणि आतून, म्हणजे योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ४ मिमी किंवा त्याहून कमी आहे, तर कॅन्सरची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. म्हणून तिथे बायोप्सीआधी, म्हणजे अस्तराचा तुकडा तपासायला पाठवण्याआधी, थांबता येतं. रक्त गेलेलंच नाही अशा बाईला तो आकडा लावला, तर निम्म्या गावाची बायोप्सी करत बसशील. तिथे साधारण ११ मिमीच्या पुढे बायोप्सीचा विचार सुरू होतो. त्याखाली बाई बघून ठरवायचं: वजन, मधुमेह, पाळी फार उशिरा गेली का, नुसत्या इस्ट्रोजेन हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, घरात कुणाला गर्भाशयाचा किंवा आतड्याचा कॅन्सर झाला होता का. स्तनाच्या कॅन्सरवरची टॅमॉक्सिफेन गोळी घेणाऱ्या बाईचं अस्तर तर जाड आणि जाळीदार दिसतंच. रक्त जात नसेल तर तिची उगाच सोनोग्राफी करायलाही जाऊ नये.

म्हणजे सगळं एका प्रश्नावर येऊन ठरतं, आणि तो प्रश्न मुलासमोर विचारायचा नाही. त्याला औषध आणायला पाठव. ‘रक्तस्राव होतो का?’ असं विचारलंस तर बाई ‘न्हाई’ म्हणून मोकळी होईल. ‘पाळी गेल्यावर कधी एखादा डाग? लुगड्याला तांबूस, चहाच्या पाण्यासारखं काही?’ असं विचार. मग कळतं, की दिवाळीच्या सुमारास एकदा दिसलं होतं, पण उष्णता वाढली असंल म्हणून सब्जा खाल्ला. असं काही निघालं तर माझं वरचं सगळं बाजूला ठेव. तेच ७ मिमी मग बायोप्सीला जातं, आणि त्यात दिरंगाई नको.

आणि ते ७ मिमी तरी खरे आहेत का? खड्याची सोनोग्राफी पोटावरून, भरल्या लघवीवर झालेली. अस्तर आतूनच मोजून घे. पोकळीत थोडं पाणी असेल तर ते वगळून दोन्ही थर वेगळे मोजायचे आणि बेरीज करायची. म्हातारपणी गर्भाशयाचं तोंड आवळलं की पाणी साठतं. पाण्यासकट मोजलं की आकडा फुगतो.

आता गाठ. ती एकाच कप्प्याची, पातळ भिंतीची, आत घट्ट भाग नसलेली, एकाच बाजूची, आणि पोटात पाणी नाही, एवढं आतल्या सोनोग्राफीत पक्कं कर. सीए-१२५ ही रक्ताची तपासणी एकदा करून घे. ३५च्या आत असेल तर ५ सेमीखालची अशी गाठ चार ते सहा महिन्यांनी परत बघायची. वर्षभर तेवढीच राहिली किंवा लहान झाली तर सोडून द्यायची. गाठ कॅन्सरची असण्याच्या जोखमीचं एक गणित आहे, त्यात सोनोग्राफीतल्या संशयास्पद खुणांचे गुण, पाळी गेल्याचे ३ आणि सीए-१२५ यांचा गुणाकार असतो. २००च्या वर गेला तर कॅन्सर सर्जनकडे. साध्या गाठीचे सोनोग्राफीचे गुणच शून्य, त्यामुळे गुणाकारही शून्य. पण सीए-१२५ वाढलेलं आलं तर शून्यावर विसंबून बसू नकोस, आणि घाबरूनही जाऊ नकोस. पोटाचा टीबी, लिव्हरचा आजार, हार्ट फेल्युअर यांतही ते वाढतं, आणि आपल्या भागात टीबी काही गोष्टीतला आजार नाही. कप्पे, घट्ट भाग किंवा दोन्हीकडे गाठी दिसल्या तर मात्र स्वतः सुरी उचलायची नाही. तशी गाठ पोटात फुटली तर कॅन्सरचा टप्पाच पुढे जातो.

फायब्रॉइडचं, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या मांसल गाठींचं, थोडक्यात: पाळी गेल्यावर ते आकसतात. जुनं, चुना धरलेलं असेल तर सोड. वाढतंय असं दिसलं तर सोडू नकोस.

मुलाशी बोलताना ‘काही नाही’ म्हणू नकोस, कारण रिपोर्टात काहीतरी आहे हे त्याने वाचलंय. गाठ पाण्याची आहे, तिच्यावर लक्ष ठेवतोय, डाग दिसला तर त्याच आठवड्यात यायचं, हे मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून दे. जुनी फिल्म जपून आणायला सांग. पुढची सोनोग्राफी शक्यतो त्याच डॉक्टरांकडे. आणि तारीख दसऱ्याच्या आधीची टाक. त्यांचं गुऱ्हाळ आहे म्हणालीस, एकदा हंगाम लागला की उन्हाळ्यापर्यंत घरातलं कुणी कोल्हापूरला यायचं नाही.