फुगलेली बॅटरी, बंद पडलेला कॅमेरा आणि वधूपक्षाची नोटीस

प्रश्न : मी नागपुरात एकटाच लग्नांचे फोटो काढतो. मार्चमध्ये सीताबर्डीच्या एका दुकानातून ‘ओरिजिनल’ म्हणून ४,२०० रुपयांची कॅमेऱ्याची बॅटरी घेतली, बिल आहे. मे महिन्यात एका लॉनवर ऐन लग्नात कॅमेरा बंद पडला. बॅटरी फुगून आत अडकली आहे. दुकानदार बिलावरचा ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का दाखवतो. सर्व्हिस सेंटर म्हणते, बॅटरी डुप्लिकेट आहे, वॉरंटी मिळणार नाही. वधूपक्षाने माझे ३०,००० रुपये अडकवून नोटीस पाठवली आहे.

उत्तर : आधी एक काम करा. ती बॅटरी स्क्रू-ड्रायव्हर घालून उपसू नका आणि चार्जही करू नका. फुगलेल्या लिथियम-आयन बॅटरीला भोक पडले तर ती पेट घेऊ शकते. सर्व्हिस सेंटरकडून काढून घ्या, जॉबशीटवर ‘बॅटरी फुगलेली, डुप्लिकेट’ असे लिहून घ्या आणि बॅटरी परत मागा. ‘द्या, कंपनीकडे पाठवतो’ असे दुकानदार म्हणेल; देऊ नका. तुमचा सगळा दावा तिच्यावर उभा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ खाली ग्राहक आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, पण त्यासाठी वस्तू हाती हवी. लेबलचे जवळून फोटो काढा. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटरीवर आयएस १६०४६ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो नसेल किंवा भलत्याच कंपनीचा निघाला, तर ‘ओरिजिनल’ हा दावा तिथेच कोसळतो.

त्या शिक्क्याला घाबरू नका. सदोष माल विकल्याची जबाबदारी शिक्क्याने टळत नाही.

दुकानदाराचा वकील म्हणेल, हा धंद्यासाठी घेतलेला माल, तुम्ही ग्राहकच नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू कलम २(७) च्या स्पष्टीकरणानुसार ‘व्यावसायिक हेतू’त येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुन्या ग्राहक कायद्याखाली १९९५ मध्येच लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हे स्पष्ट केले आहे. हाताखाली एखाददुसरा मदतनीस असला तरी चालते.

मला खरी काळजी त्याच्या दुसऱ्या मुद्द्याची वाटते : ‘यांनीच बॅटरी नीट वापरली नाही.’ उष्णतेने किंवा जास्त चार्ज झाल्याने आतल्या द्रावणाचे विघटन होऊन वायू साचतो आणि बॅटरी फुगते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, बंद गाडीत तर त्याहून जास्त. कॅमेरा कंपन्या मात्र साधारण ४० अंशांपर्यंतच चार्जिंग करायला सांगतात. म्हणून आजच सगळे तारखांसह लिहून काढा : चार्जर कोणता होता, बॅटरी गाडीत राहायची का, चार्ज लवकर उतरू लागला होता का, ती खाचेत घट्ट बसत होती का. खरे तेच लिहा. फुगवटा दिसूनही वापरली असेल तर भरपाई कमी होईल, पण लपवलेले उलटतपासणीत निघाले तर दावाच जाईल.

कॅमेरा कंपनीला या भांडणात ओढू नका. परक्या बॅटरीने झालेले नुकसान बहुतेक वॉरंटींच्या अटींत बसत नाही. तो दुरुस्तीखर्च दुकानदाराकडे मागा, लेखी अंदाजपत्रक जोडून.

वधूपक्षाबाबत मात्र कटू बोलतो. तिथे तुम्ही सेवा देणारे आणि ते ग्राहक. बॅटरी दगा देते हे या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे जवळ दुसरी बॅटरी नसणे ही सेवेतील त्रुटीच धरली जाईल. दुकानदाराकडे बोट दाखवून सुटका नाही. कार्डावर आले तेवढे सगळे फोटो लगेच द्या, बिलात सूट द्या आणि तडजोड लेखी करा. लग्न पुन्हा लागत नाही, त्यांचा राग समजून घ्या. यात गेलेले पैसे दुकानदाराकडून मिळवणे अवघड आहे. करार कायद्याच्या कलम ७३ नुसार दूरचे, म्हणजे थेट न झालेले, नुकसान भरून मिळत नाही. बॅटरी लग्नाच्या कामासाठी घेताय हे त्याला विकतानाच माहीत होते, असे दाखवता आले तरच मागा.

आता दुकानदाराला स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस द्या. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. उत्तर आले नाही तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात किंवा ‘ई-जागृती’ पोर्टलवर तक्रार दाखल करा. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तोवर ती बॅटरी पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत, घराबाहेर सावलीत ठेवा, आणि निकाल लागेपर्यंत ती घंटागाडीत जाणार नाही हे घरच्यांनाही सांगून ठेवा.