आधी तिला सांग

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र सोमवारी मिळाले. नववीतल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत तुझ्या समुपदेशनाच्या खोलीचे दार लोटून घेतले, "टीचर, कोणाक सांगूं नाकात" असे म्हणून मन मोकळे केले, तू "नाही सांगणार" असा शब्द दिलास आणि तेव्हापासून तुझ्या डोळ्याला डोळा नाही. तिने काय सांगितले ते तू मला लिहिले नाहीस, हे फार चांगले केलेस. बाकीचे पत्र वाचून मी अस्वस्थ झाले होते, पण त्या एका गोष्टीने मला धीर आला. शब्द मोडून मुख्याध्यापिकांना सांगावे की शब्द पाळून गप्प बसावे, असे तू विचारतेस. बाहेर कोणाला सांगायचे ते नंतर बघू. त्याआधी तू तिला काय सांगणार आहेस, याचा तुझ्या चार पानी पत्रात एका ओळीचाही विचार नाही, आणि मला राग आला तो त्याचा.

गोव्यात वाढलेल्या तुला कुमसार, म्हणजे पाद्रीपुढचा पापांचा कबुलीजबाब, समजावायला नको. पाद्रीच्या कानी पडलेले त्याच्याबरोबरच जाते. तुझ्या खुर्चीला ती मुभा नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याचे कलम 19 असे सांगते की, 18 वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची भीती असल्याचे ज्याला कळले, त्याने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणाऱ्याला कलम 21 खाली शिक्षा आहे. आपल्या राज्याचा 2003 चा बाल कायदाही आहे. हे सारे तू परीक्षेसाठी पाठ केले होतेस. मग तो शब्द दिलास कसा? मुलगी रडू लागली की तिला थोपवण्यासाठी आपण काहीही कबूल करून बसतो, हे मला ठाऊक आहे, कारण मीही ते केले आहे. मात्र माझी मोठी चूक त्याच्या नेमकी उलट होती, आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

गोव्यात परतण्यापूर्वी मी घाटमाथ्यावरील एका जुन्या अँग्लिकन मुलींच्या शाळेत वसतिगृह सांभाळत असे. आपल्याकडे चर्च म्हटले की रोमन कॅथलिकच डोळ्यांपुढे येते. ही परंपरा इंग्लंडच्या चर्चची. 1970 साली ती मंडळी उत्तर भारतीय ख्रिस्तमंडळीत सामील झाली, तरी शाळेचा दिनक्रम जुनाच होता. प्रत्येक मुलगी एका हाऊसची, हाऊसला एक बाई, रात्री मेट्रन, आणि सर्वांवर शाळेचे पाळक. कोणत्या मुलीने आज ताट अर्धे टाकले, हे संध्याकाळपर्यंत कोणा ना कोणाला कळलेले असे. त्या व्यवस्थेविषयी मला आजही आदर आहे.

एका शनिवारी कपड्यांच्या खोलीत मोज्यांवर नावाच्या पट्ट्या शिवताना आठवीतली एक मुलगी ट्रंकेवर बसून मला म्हणाली की, आई घर सोडून गेली आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत मला घरी जायचे नाही. मी तिला जवळ घेतले आणि रात्री हाऊसच्या बाईंना सांगितले. बाईंनी ते पाळकांच्या कानावर घातले. सोमवारी सकाळच्या चॅपलमध्ये पाळकांनी, नाव न घेता, आईवाचून राहिलेल्या आपल्यातल्या एका मुलीसाठी प्रार्थना केली. त्यांचा हेतू निर्मळ होता, आम्हा तिघांचाही होता. पण तिच्या हाऊसच्या मुलींनी माना वळवल्या, आणि ती मात्र स्तोत्रसंग्रहाच्या पानात बोट अडकवून, मानेपर्यंत लाल होऊन खाली बघत राहिली. दुपारी ती माझ्याकडे आली आणि एवढेच म्हणाली, "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं, बाई." त्यानंतरची दोन वर्षे ती माझ्याशी "येस मॅडम" यापलीकडे बोलली नाही.

तिचे म्हणणे नीट वाच. "कोणाला सांगायचे नव्हते" असे ती म्हणाली नाही. आठवीतल्या मुलीलाही कळत होते की, हे कोणा एकटीला पेलणारे नाही.

तुला पंडिता रमाबाई शारदा सदनापुरत्याच माहीत असतील. 1883 साली त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन पंथाच्या भगिनींकडे बाप्तिस्मा घेतला आणि पुढे त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात राहिल्या. तेथे त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही, यावर बिशप आणि भगिनी एकमेकांना पत्रे लिहून त्यांच्या भल्याचा विचार करत होते. रमाबाईंना ते कळले तेव्हा त्यांनी प्राचार्या डोरोथिया बील यांना लिहिले की, माझ्या वडिलांनी वा पतीने ज्याला कधी हरकत घेतली नाही, त्याला इथल्या लोकांनी घ्यावी याचे मला नवल वाटते. अशा बाईलाही हे सोसावे लागले, तर नववीतल्या पोरीची काय कथा? मायेपोटी पाठीमागे चाललेला खलसुद्धा अपमानच करतो.

मुलीच्या पाठीमागे काही सांगायचे नाही, हे गोव्यात परत आल्यावर मी कधीच सोडले नाही. एका शाळेत समुपदेशनाची वही शिक्षकखोलीत उघडी ठेवण्याची पद्धत होती, म्हणजे सर्व वर्गशिक्षकांना माहिती राहील. मी तीत नावे लिहिण्यास नकार दिला. मला मेमो मिळाला, आडमुठी म्हणून माझे नाव झाले, आणि ज्या सहकारी बाईंशी माझे घरोब्याचे संबंध होते, त्या वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. वेगळ्या शब्दांत समजावले असते तर कदाचित त्या दुरावल्या नसत्या, याची मला हळहळ आहे. वहीच्या बाबतीत मात्र मी आजही तेच करीन. ज्या मुलीचे नाव त्या वहीत असते, तिची बहीण सहावीत असते आणि मावशी शाळेच्या कार्यालयात असते. आपले गाव किती लहान आहे ते तुला मी सांगायला नको.

तेव्हा उद्या, पहिल्या घंटेआधी, तिला बोलाव. तिच्याशी कोकणीतच बोल. ती काळजातले कोकणीत सांगते आणि तू पुस्तकी मराठीत उत्तर देतेस, मग तिला वाटते की टीचर आता ऑफिसात गेली. शब्द देण्यात माझी चूक झाली, असे स्पष्ट म्हण. मुली मोठ्यांच्या चुका आपल्या समजुतीपेक्षा लवकर माफ करतात. मग, कोणाला सांगावे लागेल, का, आणि त्या माणसाला नेमके किती कळेल, हे एकेक करून सांग. सांगताना तिला तिथे बसायचे आहे का, आईला आधी कळावे की मुख्याध्यापिकांना, घरातल्या कोणाची भीती वाटते का, हे तिलाच विचार. भीती घरातल्याच माणसाची असेल तर घरी काहीही कळवायच्या आत 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन कर, आणि तेही तिला सांगूनच. ती स्वतःच्या जिवाचे काही करून घेईल असे दिसले तर तिला एकटी सोडू नकोस, थेट बांबोळीच्या मनोरुग्णालयात न्यायची व्यवस्था कर. वाटेत का होईना, कुठे आणि कशासाठी चाललो आहोत ते तिला कळलेच पाहिजे. ती चिडेल, कदाचित दार आपटून निघून जाईल. जाऊ दे. चौथ्या तासाला तिच्या वर्गावरून एकदा सहज जा.

झाले की मला कळव. तिचे नाव आणि तिची गोष्ट मात्र मलाही कळवू नकोस. दुपारी तीननंतर मी घरीच असते.

तुझी,
बाई