‘तिला कशाला त्रास’ म्हणणारेच जास्त अडचणीचे

तुम्ही लिहिलंय की तुमच्या पंचायत समितीत पूर्ण दृष्टिहीन असलेली एक कनिष्ठ सहायक रुजू झाली. सगळे तिच्याशी गोड बोलतात, काम मात्र कुणी देत नाही. शेजारचे वरिष्ठ सहायक तेवढे "आमच्यावर लोड येतो" म्हणून कुरकुरतात, आणि तुमचा राग त्यांच्यावर आहे. जिल्हा परिषदेत नोकरी काढलेला माणूस म्हणून सांगतो, माझा रोख बाकीच्यांवर आहे.

कुरकुरणाऱ्याची निदान अपेक्षा तरी आहे की तिनं काम करावं. मंजूर पद भरलं, पण त्या पदाचं काम अजून त्याच्याच टेबलावर, मग तो बोलणारच. त्याचा पत्ता तेवढा चुकलाय. हे गाऱ्हाणं तिच्याबद्दल नाही, कामवाटपाबद्दल आहे, आणि ते अधीक्षकांकडे जायला हवं. ‘बस गं, चहा घे, फोन आला तर उचल’ म्हणणारे मात्र तिचं वर्षाचं नुकसान करतात. टेबलच, म्हणजे नेमून दिलेलं कामच नसेल तर गोपनीय अहवालात साहेब लिहिणार काय? पुढे पदोन्नतीच्या वेळी तोच कोरडा शेरा काढून दाखवतात.

म्हणून आधी गटविकास अधिकाऱ्यांच्या सहीचा कामवाटप आदेश निघू द्या. त्यात तिचं नाव आणि तिचं टेबल स्पष्ट हवं. कुठलं टेबल, हे तिला विचारून ठरवा. तिच्यामागे बैठक घेऊन ‘तिला काय झेपेल’ हे ठरवू नका.

आता खरी गोम. तिच्या संगणकावर एनव्हीडीए टाका. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण आपल्या कचेऱ्यांत अजून निम्मं दप्तर जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये पडलेलं असतं. आपल्याला तिथे मराठी दिसतं, संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते आणि कानावर तीच पडते. पत्र छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून पाठवलं तर तिच्या दृष्टीनं तो नुसता फोटो. तेव्हा पत्रासोबत मूळ वर्ड फाइलही पाठवायची, मराठी युनिकोडमध्येच टाइप करायचं. एक्सेलमध्ये शोभेसाठी रकाने एकमेकांत विलीन करायचे नाहीत, वाचताना ओळ-रकान्याचा मेळ तुटतो. एवढं केलंत तर माहिती संकलनाचं काम ती बिनदिक्कत करेल. कॅप्चा, म्हणजे चित्रातली वेडीवाकडी अक्षरं बघून टाइप करायला लावणारं पोर्टल आलं की तेवढ्यापुरती कुणीतरी मदत करावी. यात उपकार कसला, आपणही एकमेकांना ओटीपी सांगतोच की.

वागण्याचं म्हणाल तर फार नाही. जवळ जाताना आपलं नाव सांगा. दंड धरून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा, ती धरेल. बोलायचं ते तिच्याशी बोला, सोबत आलेल्या भावाशी नको. आणि मार्चअखेरीस व्हरांड्यात गठ्ठे रचता ना, ते रचण्याआधी तिला सांगा.

कायदा शेवटी ठेवला, कारण तो आधी दाखवला की माणसं ताठरतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 20: सरकारी आस्थापनेनं दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी आणि अडथळामुक्त वातावरण द्यायचं आहे. कलम 21 खाली समान संधी धोरण, कलम 23 खाली तक्रार निवारण अधिकारी. तुमच्या जिल्हा परिषदेत तो अधिकारी कोण, हे आस्थापना शाखेत विचारा. विचारणा झाली की पुष्कळदा फाइल आपोआप हलते. तक्रार करायची की नाही, हा निर्णय मात्र तिचा. तुम्ही परस्पर अर्ज टाकू नका, उद्या त्याच साहेबांसमोर तिला उभं राहायचंय.

त्या वरिष्ठ सहायकांना माझ्या मते तिच्याच शेजारी राहू द्या. तिनं पहिलं विवरणपत्र वेळेत दिलं की त्यातल्या चुका तेच काढतील, आणि नव्या माणसाला त्याचीच गरज असते.