वाचकांचे प्रश्न : तेरेझिनची नोट

प्रश्न : आमच्या वडिलांच्या नाणेसंग्रहात हाती शिळा धरलेल्या दाढीधारी वृद्धाचे चित्र असलेली, १ जानेवारी १९४३ अशी तारीख छापलेली एक नोट सापडली. ती कोणत्या देशाची असावी आणि तिने खरोखर काही विकत घेता येत असे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही नोट कोणत्याही देशाची नसून, आजच्या चेक प्रजासत्ताकातील तेरेझिन येथे नाझींनी ज्यूंना डांबून ठेवलेल्या वस्तीची दिसते. चित्रातील वृद्ध म्हणजे ईश्वराच्या दहा आज्ञांच्या शिळा घेतलेले ज्यूंचे प्रेषित मोझेस होत. १ ते १०० क्रोनपर्यंतच्या या नोटांवर तेथील ज्यू प्रमुख याकोब एडेलस्टाइन यांची सही असते.

खरेदीला मात्र तेथे फारसे काही नव्हतेच. वस्तीत सर्व काही सुरळीत चालले आहे हे बाहेरच्यांना भासवणे, हाच या नोटांचा मुख्य उपयोग होता. २३ जून १९४४ रोजी रेडक्रॉसचे प्रतिनिधी ती सजवलेली वस्ती पाहून गेले, आणि त्याच्या तीनच दिवस आधी एडेलस्टाइन यांना, पत्नी व मुलासह, आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत गोळ्या घालण्यात आल्या होत्या. ही नोट हाती घेताना मला प्रथम ती सही आठवते.

पोलंडमधील लोड्झच्या वस्तीत १९४० पासून चाललेल्या नोटांचे काम याहून निष्ठुर होते : लोकांजवळचे खरे पैसे काढून घेऊन कुंपणाबाहेर कवडीमोल ठरणारा कागद त्यांच्या हाती ठेवला, की बाहेरून चोरून धान्य आणणेही अशक्यप्राय होत असे.

तेरेझिनच्या कोऱ्या नोटा युद्धानंतर बऱ्याच उरल्या, त्यामुळे आपली नोट अस्सल असण्यास वाव आहे. तिला चिकटपट्टी मात्र लावू नये.